भाकरीचा काठ का उरतो?

दारूने काय काय होतं, हे आपल्याकडच्या बाईला कुणी वेगळं सांगायला नको. पगार घरी पोचत नाही, पोरांच्या फिया राहतात, भांडणं होतात, अंगावर वळ उठतात, आणि शेवटी एक दिवस डॉक्टर सांगतात, "लिव्हर खराब झालंय." हे सगळं आपण पाहिलेलं असतं. स्वतःच्या घरात नाही तर शेजारी, नाही तर माहेरी. पण दारूने तोंड जातं, दात जातात, याबद्दल बायका बोलताना मी फारशा ऐकलेल्या नाहीत. खरं तर दारू शरीरात शिरते ती तोंडातूनच. घर लुटायला आलेला आधी उंबरठाच ओलांडणार ना? तसं हे आहे.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली, संसार सांभाळून बचत गटांचं काम करणारी एक गृहिणी. या कामामुळे आमच्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जाणं होतं. गटाच्या बैठकीत आधी हप्त्यांचा हिशेब होतो आणि मग घरचा. मध्यंतरी आम्ही गटातर्फे दातांच्या तपासणीचं शिबिर घेतलं. तपासायला आल्या होत्या एक तरुण डॉक्टरीणबाई. रांगेतल्या पुरुषांची तोंडं बॅटरीने बघता बघता त्या मला हळूच म्हणाल्या, "ताई, यातले कोण रोज घेतात, ते मला विचारावंच लागत नाही. तोंडच सांगतं." त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले आणि विचारत गेले. पुढे वाचत गेले, दवाखान्यातल्या मंडळींशी बोलत गेले. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतेय.

आधी आटते ती लाळ

लाळ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण लाळ ही तोंडाची राखणदार आहे. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात तयार होते. अन्नाचे कण धुऊन नेणं, आंबटपणा मारणं, जंतूंना आवर घालणं, दातांना खनिजं परत मिळवून देणं ही सगळी कामं ती बिनबोभाट करत असते. अगदी आपल्यासारखीच! असते तोवर कुणाला किंमत नाही, नसली की घराची रया जाते.

दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि लाळही आटते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचं तोंड सकाळी चिकट, कोरडं, वास मारणारं का असतं, ते आता लक्षात येईल. लाळ नाही म्हटल्यावर जंतूंना रान मोकळं. दात किडायला लागतात, तेही हिरडीजवळ, मुळाशी.

वर्षानुवर्षं पिणाऱ्या काही जणांचे गाल कानापुढे दोन्ही बाजूंनी फुगलेले दिसतात, पण दुखत मात्र नाहीत. "अंगावर मांस चढलंय, बरा दिसतोय हो आता," असं आपण म्हणून जातो. ते मांस नसतं. कानापुढच्या लाळेच्या गाठी सुजलेल्या असू शकतात.

आणि तोंडाच्या वासाबद्दल. बडीशेप, वेलदोडा, पुदिन्याची गोळी... घरी येण्याआधी काय काय चघळलं जातं, ते आपल्याला पाठ असतं. पण तो वास नुसता तोंडातला नसतो. रक्तातली दारू फुप्फुसात येते आणि श्वासाबरोबर बाहेर पडते. बडीशेप तिथवर कशी पोचणार?

दात आतून झिजतात

दाताच्या वरचं पांढरं कवच, इनॅमल, म्हणजे आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. पण त्याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे आम्ल. चिंचेने पितळेचं भांडं कसं लख्ख निघतं? वरचा थर निघून जातो म्हणून. दाताचंही तसंच. फरक एवढाच, की भांड्याला पुन्हा कल्हई करता येते, इनॅमल मात्र पुन्हा उगवत नाही.

पिणाऱ्याच्या तोंडात हे आम्ल दोन वाटांनी येतं. एक वाट बाहेरची. दारूत मिसळलेला कोला किंवा सोडा, बिअर, वाइन हे सगळं कमी-जास्त आंबट असतं, कोल्यात वर साखरही असते. दुसरी वाट आतली. उलट्या आणि घशाशी येणारं आंबट पाणी. पोटातलं हे आम्ल फार तीव्र असतं. रात्री-अपरात्री उलटी होते आणि माणूस तसाच झोपतो. ते आम्ल रात्रभर दातांवर राहतं. त्यामुळे वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजते. आरशात ती दिसत नाही. मग गार पाणी झोंबतं, गरम चहा झोंबतो, दातांच्या कडा पातळ होऊन तुकडे उडतात. "काही कडक खाल्लं नाही तरी दात तुटला," असं म्हणतात ते यामुळेही होतं.

इथे एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. उलटी झाल्या झाल्या ब्रश करू नये. मऊ झालेलं कवच ब्रशने आणखी घासलं जातं. साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. गरोदरपणातल्या उलट्यांनाही हेच लागू, बरं का!

हिरड्या, जीभ आणि ओठांचे कोपरे

खूप पिणारा माणूस जेवत कमी. पोटात दारूची ऊब असते, भूक मरते. जे खाल्लं जातं त्यातली ब जीवनसत्त्वं, फोलिक आम्ल शरीर नीट घेऊ शकत नाही. मग ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लालभडक, गुळगुळीत होते, तिखटाने आग आग होते. प्रतिकारशक्ती कमी झाल्याने हिरड्यांचा रोग बळावतो. हिरड्या सुजतात, रक्त येतं, मग त्या दात सोडतात, दात हलायला लागतात. त्यात रात्री दात घासणं तर सोडाच, सकाळीही धड घासले जात नाहीत.

हिरड्यांतून वारंवार रक्त येण्याचं आणखी एक कारण असू शकतं. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं. लिव्हरच थकलं की रक्त लवकर थांबत नाही. म्हणजे ब्रशला लागलेलं रक्त नुसतं हिरडीचं दुखणं नसून पोटातल्या मोठ्या दुखण्याची चिठ्ठीही असू शकते.

ताट बोलतं

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ती गोष्ट. आमच्या एका गटातली बाई, तिला आपण नुसतं वहिनी म्हणू. नवरा गवंडीकाम करणारा, रोज संध्याकाळी घेणारा, दिवसभर गालात तंबाखू. एका बैठकीत वहिनी सहज बोलून गेली, "हल्ली आमच्याकडे भाकरीचा काठ उरतो. मधलं मधलं खातात. ठेचा तर ताटात वाढूच देत नाहीत. सगळं आमटीत कुस्करून लागतं." बायका हसल्या. एक म्हणाली, "म्हातारे झाले गं तुझे मालक!" मालकाचं वय तेव्हा पंचेचाळीससुद्धा नव्हतं.

मला शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. मी वहिनीला विचारलं, "तोंड पूर्वीसारखं उघडतंय का? आत कुठे पांढरं, लाल काही आहे का?" ती म्हणाली, "मला कोण बघू देणार?" पण बाई हुशार. त्यांची उतरलेली असताना, सकाळच्या चहाच्या वेळी, तिने मोबाइलची बॅटरी पुढे केली आणि म्हणाली, "भाकरी जात नाही म्हणता, बघू तरी दे." उजव्या गालाच्या आत, तंबाखूची गोळी ठेवायच्या जागी, पांढरट चट्टा आणि त्यावर न भरलेली जखम. दोन महिने होती म्हणे. तो म्हणत होता, "दाढ लागते, दुसरं काही नाही."

सरकारी दवाखान्यात नेलं, त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोगच निघाला, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, गालाचा भाग काढावा लागला, सरकारी योजनेतून खर्च निघाला. आज तो माणूस कामावर आहे. तोंड थोडं वाकडं झालंय, तंबाखू आणि दारू दोन्ही सुटलंय. वहिनीला कुणी डॉक्टरकी शिकवली नव्हती. तिने फक्त ताट पाहिलं होतं.

म्हणून सांगते, घरात कुणाच्या तोंडात काय बिघडलंय ते सगळ्यात आधी स्वयंपाकघरात कळतं. एका बाजूनेच चावणं, तिखट नको म्हणणं, शेंगदाणे-फुटाणे सोडणं, भाकरी सोडून भाताकडे वळणं, पाणी गिळताना थांबणं. "नखरे वाढलेत" म्हणून सोडून देऊ नका.

दोघांची जोडगोळी

दारू हे कर्करोगाचं कारण आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांच्या बाबतीत स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. दारूचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष बनतं आणि ते पेशींच्या गाभ्यालाच इजा करतं. हे विष फक्त लिव्हरमध्ये बनतं असं नाही, तोंडातले जंतूही ते बनवतात. म्हणजे तोंड जितकं अस्वच्छ, तितकं विष जास्त!

आणि तंबाखू? दारूने तोंडाच्या आतली नाजूक त्वचा कोरडी, सैल होते. मग तंबाखूतली विषं तिच्यातून सहज आत झिरपतात. एकाने दार उघडायचं, दुसऱ्याने आत शिरायचं. दोन्ही व्यसनं एकत्र असली की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या मिळायच्या थांबलेल्या नाहीत, हे आपण सगळ्याच जाणतो.

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार लोकांना ओठांचा आणि तोंडाचा कर्करोग होतो. पुरुषांमध्ये आपल्या देशात हाच कर्करोग सगळ्यात जास्त. हा काही पोटात लपलेला रोग नाही. तोंड उघडलं की दिसणारा रोग आहे. तरीही तो उशिरा सापडतो, कारण आपण तोंड उघडून बघतच नाही.

"जास्त" म्हणजे किती?

"आमचे हे जास्त नाही घेत, फक्त एक क्वार्टर." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! चला, हिशेब करू. बचत गटाच्या बायका आपण, हिशेबाला घाबरत नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे त्या क्वार्टरमध्ये ७७ मिली, वजनाने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. आणि एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणं याला जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपान म्हणते. म्हणजे "फक्त एक क्वार्टर" हेच जास्त आहे.

"बिअर म्हणजे दारू थोडीच," असं पोरं म्हणतात. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरच्याही पुढे गेलं. आणि २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं, की आरोग्याला अजिबात धोका नाही असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. हातभट्टीची असो, देशी असो, की काचेच्या कपाटातली महागडी असो, तोंडाला सगळी सारखीच.

दातांच्या दवाखान्यात नेताना

दाढ दुखते म्हणून दारूची गुळणी धरायची, कापसाचा बोळा दारूत भिजवून ठेवायचा, हे उपाय अजून सर्रास सांगितले जातात. त्याने दाढ बरी होत नाही, उलट हिरडी भाजते. आणि प्यायला एक निमित्त मिळतं ते वेगळंच.

दात काढायला जाताना डॉक्टरांपासून दारू लपवू नका. नवरा सांगणार नाही, तुम्ही सांगा. लाज वाटत असेल तर आत जायच्या आधी चिठ्ठीवर लिहून द्या. किती वर्षं, रोज किती, कावीळ झाली होती का, हे सगळं. कारण लिव्हर बिघडलेल्या माणसाचा दात काढल्यावर रक्त थांबता थांबत नाही. डॉक्टरांना आधी कळलं तर ते रक्ताच्या तपासण्या करून घेतात, तयारी ठेवतात.

औषधांचंही तसंच. दाढदुखीवर आपण सहज पॅरासिटामॉल देतो. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला त्याचे जास्त डोस महागात पडू शकतात. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी दारूबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. हिरडीच्या पुवासाठी बऱ्याचदा देतात ते मेट्रोनिडाझोल दारूबरोबर घेऊ नये, असं डॉक्टर बजावतात, त्याने मळमळ, उलट्या, धडधड होऊ शकते. म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. आणि दात काढल्यावर "दुखणं विसरायला" घेतलेल्या घोटाने जखम भरायला वेळ लागतो, हेही ठणकावून सांगा.

चहातून औषध? नको गं बाई!

तोंडाचा विषय निघाला की बायका मूळ प्रश्नावर येतातच. "सुटेल कशी?" मग कुणीतरी हळूच सांगतं, अमुक ठिकाणी पूड मिळते, न कळत चहातून, भाजीतून द्यायची. मैत्रिणींनो, हे अजिबात करू नका. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. दारू सोडवण्याचं डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, जीवावरही बेतू शकतं. ते पिणाऱ्याला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. पोटी चार पैसे जोडून, चांगल्या मनाने केलेली गोष्ट आपल्यावरच उलटायची.

तसंच, वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात झटक्यात बंद केली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. "देवापुढे शपथ घेतली आणि दोन दिवसांत वेड्यासारखं करायला लागला," असं ऐकतो ना आपण? ती बाहेरची बाधा नव्हे. तेव्हा दवाखान्यातच न्यायचं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. अनेक गावांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका होतात. आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीही अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात. आपलं मन मोकळं करायलाही जागा हवीच की!

आणि आपलं तोंड?

शिबिरात मला आणखी एक गोष्ट दिसली. पुरुषांच्या रांगेत दारूने खराब झालेले दात होते, तर बायकांच्या रांगेत पुढचे तुटलेले दात. "कसा तुटला?" "पडले." "कुठे?" "मोरीत." डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या आणि त्यांची नजर माझ्याकडे वळत होती. इतक्या बाया मोरीतच कशा पडतात? दारूने मोडलेला दात नेहमी पिणाऱ्याचाच असतो असं नाही. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. दवाखान्यात गेलात तर "पडले" म्हणू नका, खरं ते नोंदवून घ्या. तो कागद पुढे कामी येतो.

आणि मिश्री लावणाऱ्या, चोरून तंबाखू खाणाऱ्या, सणासुदीला घोटभर घेणाऱ्या बायकाही आपल्यातच आहेत. रोग बाई-बाप्या बघत नाही. त्यामुळे घरात बॅटरी पुढे करायची ती आधी स्वतःच्या तोंडाकडे.

पंधरा दिवसांचा नियम

महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, आरशासमोर. स्वच्छ चूळ भरून ओठ आतून, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ वर-खाली आणि कडेने, टाळू बघायची. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहायचं. मानेवरून हात फिरवून गाठ लागते का ते बघायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, बधिरपणा, कारण नसताना हलणारा दात, बसलेला आवाज, गिळताना त्रास, आणि पंधरा दिवसांत न भरलेली जखम, यातलं काहीही असेल तर थेट दवाखाना. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखतच नाही, तीच तर त्याची लबाडी.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, तिथे दातांचे डॉक्टर नसतील तर जिल्हा रुग्णालयात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. कर्करोगाच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा.

दारू त्याने प्यायली, त्याचा दोष आपला नाही, आणि ती सोडणंही शेवटी त्याच्याच हातात. हे ओझं बायकांनी आपल्या डोक्यावर घेऊ नये, असंच मी गटात सांगत असते. पण बघणं आपल्या हातात आहे. आम्ही आता दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारतो, "कुणाच्या घरी तोंडात न भरलेली जखम आहे का गं?" पहिल्यांदा सगळ्या हसल्या. दुसऱ्या महिन्यात दोन हात वर झाले. एक नुसती दाताची धार निघाली, घासून घेतली. दुसऱ्या घरचा चट्टा वेळीच सापडला, उपचार सुरू आहेत.

तुमच्याही गटात, भिशीत, हळदीकुंकवाला हा प्रश्न विचारून बघा. वाण म्हणून चमचे-वाट्या तर आपण दरवर्षीच देतो. यंदा एक छोटी बॅटरी द्यायला काय हरकत आहे?